माती चावणारा

आमच्या संग्रहालयाच्या अंगणात सात रणगाडे आहेत आणि त्यातले सहा निव्वळ भंगार आहेत. हे मी आमच्या साहेबांना, मेजर फ्लेइतासना, तोंडावर सांगितलंय. कुणी जुने झाले म्हणून दिलेले, कुणी ठेवायला जागा नाही म्हणून दिलेले. एक तर स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात पाहुण्यांच्या मंडपासमोरच बंद पडला, तो आजतागायत. त्यांनी कधी गोळी खाल्ली नाही की कुणाला घातली नाही. सातवा मात्र लढलेला. बोलिव्हियाचा, सहा टनी, रिव्हेट ठोकलेला. त्याच्या बुरुजाच्या डाव्या अंगाला गोळ्यांचे एकोणतीस खड्डे आहेत. रानडुकरासारखा ठेंगणा म्हणून आम्ही त्याला ताग्वा म्हणतो. तो मी पकडला, बोलिव्हियाशी आमचं युद्ध चालू होतं तेव्हा, १९३३ च्या डिसेंबरात, चाकोच्या कोरड्या रानात, अनवाणी पायांनी.

माझं नाव एलिखियो ओवेलार. वय एक्याऐंशी, दात सहा. युद्धानंतर ताग्वाला इथे राजधानीत, असुन्सिओनला आणलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्या मागोमाग मीही आलो. चाळीस वर्षं मी त्याचा गंज खरवडतोय, ग्रीस भरतोय, दर दोन वर्षांनी रंग देतोय. बायको होती तोवर कुरकुरायची, "माझ्या गुडघ्यांना कधी एवढं तेल चोळलं नाहीस."

आणि मी गोष्ट सांगायचो. शाळेच्या सहली यायच्या, शिक्षिका मुलांना सावलीत बसवायच्या, आणि मी ताग्वाच्या पट्ट्यावर एक पाय ठेवून सुरू करायचो. याचा चालक जिवंत हाती लागला. जीभ सुजली होती त्याची तहानेने. आम्ही त्याला पाणी दिलं, तर एकच पेला घेतला आणि पुढचं नाकारलं. शत्रूच्या हातचं नको म्हणाला! शेवटी माझ्या गळ्यावर झेपावला. मी कोयत्याने कापला त्याला. मरतानाही तो आमच्या मातीला चावत होता. "असा शत्रू मिळायलाही नशीब लागतं," असं म्हणून मी टोपी काढायचो, आणि एखादी शिक्षिका हटकून डोळे पुसायची. पुढे मेजरांच्या आधीच्या साहेबांनी तिथे पाटीच लावली: ‘माती चावणारा’. पाटीखाली त्याचं नाव होतं, कारण नाव त्यानेच लिहून ठेवलं होतं. चालकाच्या बैठकीशेजारी, आतल्या पत्र्यावर, खिळ्याने कोरलेलं: एस. केन्ता, ओरुरो. रंग देताना ती अक्षरं मी कायम सोडून द्यायचो. मला त्या माणसाबद्दल खरोखर आदर होता.

मग सरकारच्या डोक्यात आलं की ताग्वा बोलिव्हियाला परत द्यायचा. दोन देशांची मैत्री म्हणे. मला कुणी विचारलं? मेजर मला मानाने काराई म्हणतात. म्हणाले, "काराई एलिखियो, रणगाडा देशाचा आहे." मी म्हटलं, "देश त्या दिवशी तिथे नव्हता. मी होतो." ते हसले आणि दोन्ही देशांच्या छायाचित्रकारांना आत सोडलं. तिकडच्या वर्तमानपत्रात ती कोरलेली अक्षरं छापून आली, आणि तीन आठवड्यांनी, फेब्रुवारीत, फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली.

बुटकी, दोन वेण्या, डोक्यावर नमद्याची गोल टोपी, त्या उकाड्यात अंगावर लोकरीची शाल. हातात गाठोडं. नाव एर्मिनिया केन्ता. सातुर्निनो केन्ताची धाकटी बहीण. भाऊ युद्धावर गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती.

मेजरांनी तिला आंब्याखाली बाक दिला. बेचाळीस अंश ऊन होतं, पानसुद्धा हलत नव्हतं. अशा वेळी तेरेरेशिवाय माणूस बोलू शकत नाही. मी बर्फाचा थर्मास आणला, शिंगाच्या पेल्यात येर्बाचा पाला भरला, नळी खोचली, आणि ओतायला बसलो. आमच्याकडे ओतणारा एकच. पेला एकाकडे जातो, तो नळीने ओढून रिकामा करतो, परत देतो, मग पुढच्याचा. पहिला मी प्यालो, दुसरा मेजर. तिसरा तिला दिला. तिने डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत ओढला, पेला दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाली, "ग्रासियास, सेन्योर."

डोंगरातली माणसं पाणी कमीच पीत असतील, असं मी मनात म्हटलं.

मेजरांनी आणखी एक घेतला. तेवढ्यात आत फोन वाजला. रणगाडा न्यायला येणाऱ्या लांब ट्रेलरचा काहीतरी घोळ होता. "ग्रासियास," म्हणून त्यांनी पेला माझ्या हातात ठेवला आणि ते उठून गेले. त्यांचं झालं. राहिलो आम्ही दोघं.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "माझ्या आईने त्याच्या फोटोपुढे एकतीस वर्षं रोज भरलेला पेला ठेवला. चाकोतून परत आलेले लोक सांगायचे, तिथे माणसं स्वतःचं मूत प्यायची. आई मरताना म्हणाली, कधी कुणी भेटलं तर विचार, माझ्या पोराला पाणी मिळालं का. तेवढं विचारायला दोन दिवस बसमध्ये बसून आलेय."

मला इतकं बरं वाटलं! असा प्रश्न, आणि माझ्याजवळ असं उत्तर.

"मिळालं, बाई," मी म्हटलं. "माझ्याच हातचं. त्यानेच नंतर नाकारलं. गर्विष्ठ होता तुमचा भाऊ. पाटी वाचलीत ना?"

"वाचली," ती म्हणाली. "म्हणून तर बसलेय. सातुर्निनो गर्विष्ठ? तो माझ्या ताटलीतला बटाटा उचलून खायचा, सेन्योर. खाणीच्या पंपावर कामाला होता. साहेबाच्या कुत्र्याला पाव टाकला तर कुत्र्याआधी हा. गर्व करायला आमच्या घरात जागा कुठे होती? सगळं सांगा. पहिल्यापासून."

मी स्वतःसाठी पेला भरला, ओढला, आणि सांगू लागलो. तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं. लढून मेलेल्याच्या बहिणीला सगळं ऐकायचा हक्क असतो.

दोन दिवस पाण्याचा ट्रक आला नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे आला आणि आमच्या चौकीत पत्र्याचा एक डबा टाकून गेला. अठरा जणांत एक डबा. सार्जंट ब्रितेसने तो खंदकाच्या मागे, मेलेल्या खेचराच्या सावलीत ठेवला आणि म्हणाला, "जो माझ्या आधी हात लावेल त्याला मी गोळी घालीन." त्याने घातलीही असती. आदल्या आठवड्यात एकाने पळून जायचा प्रयत्न केला, त्याला त्याने गुडघ्यावर बसवून मागून घातली होती.

माझ्या शेजारी सिन्दुल्फो होता. माझ्या गावचा. माझ्या बहिणीशी त्याचं ठरलेलं होतं. मला चिडवायचा, "तुला मेहुणा म्हणायची सवय करून घेतोय, त्यापेक्षा लढाई सोपी." ओठ फुटून त्यातून रक्त यायचं, तरी टवाळी बंद नाही.

नऊच्या सुमाराला इंजिनाचा आवाज आला. झुडपं आडवी करत हा पुढे आला. हाच, तुमच्या समोर उभा आहे तो. आमच्यातल्या बहुतेकांनी रणगाडा कधी पाहिलाच नव्हता. डाव्या टोकाच्या चौघांवर त्याने तोफ डागली. चौघांपैकी एकाचा हात माझ्यासमोर येऊन पडला, बोटांत अजून सिगारेटचं थोटूक होतं. सार्जंटने मशिनगन त्याच्या फटींवर धरली. ते एकोणतीस खड्डे त्याच वेळचे. पण तो थांबेना. तसाच सरळ आमच्या खंदकावर आला.

कडेची माती कोसळली. मी उजवीकडे पडलो, सिन्दुल्फो डावीकडे. पट्टा त्याच्या पायांवरून चढला आणि कमरेपाशी आला, आणि तिथेच रणगाड्याचं पोट केब्राचोच्या एका बुंध्यावर टेकलं. ते लाकूड कुऱ्हाडीला दाद देत नाही. रणगाडा बुंध्यावर टांगला गेला. पुढे जाईना, मागे येईना. चालक आत जोर लावत होता आणि पट्टा जागच्या जागी फिरत होता. सिन्दुल्फोवर फिरत होता. तो माझ्याकडे बघत ओरडत होता. मग नुसता बघत होता. नंतर पट्ट्याबरोबर त्याचा सदरा फिरताना दिसला, आणि सदऱ्याबरोबर बाकीचं.

"तो पट्टा माझा भाऊ फिरवत होता," ती म्हणाली.

"होय. त्याला आतून काय दिसणार? फटीवर गोळ्या आदळत होत्या."

मी पेला भरला, प्यालो. तिचे डोळे माझ्या हातावर होते. मला वाटलं, लढलेला हात बघतेय.

मग माझं डोकं फिरलं, बाई. मी मागून गेलो. इंजिनाच्या झाकणावर पाय टाकला तसे तळवे चर्रकन भाजले, कातडी तिथेच राहिली. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बुरुजाचं झाकण चार बोटं उघडं होतं. आतल्या उकाड्यात माणूस शिजून निघतो, म्हणून ते लोक उघडं ठेवत. मी त्या फटीत बंदुकीची नळी घातली आणि पाचही गोळ्या झाडल्या. लोखंडाच्या पेटीत गोळी एकदा लागून थांबत नाही, ती भिंतींवर आपटत फिरत राहते. आत दोघं होते बुरुजात. एकाचा आवाज लगेच बंद झाला. दुसरा अधिकारी होता. त्याने झाकण डोक्याने ढकललं आणि वर आला. खालचा जबडा नव्हता त्याला. हात वर करत होता की मला धरत होता, ठाऊक नाही. मी त्याची कॉलर धरून त्याला कमरेपर्यंत ओढलं आणि कोयत्याने मानेवर मारलं. एका घावात झालं नाही. तिसऱ्याला झालं. रक्त बुरुजावरून खाली आलं आणि तापलेल्या पत्र्यावर वाळून गेलं, पुसायलाही नको.

"ते आजही रंगाखाली आहे?" तिने विचारलं.

"नाही. सोड्याने धुतलं. मीच."

इंजिन बंद पडलं. पुढचं दार उघडलं आणि तुमचा भाऊ बाहेर आला. हात वर. फटीतून उडालेल्या शिशाच्या आणि रंगाच्या कपच्या तोंडभर रुतलेल्या, एक डोळा मिटलेला. ओठ काळे, जीभ दातांबाहेर. मी कोयता घेऊन उडी मारली, पण सार्जंटने माझ्या पोटात बंदुकीचा दस्ता घातला. "याला मारू नकोस, गाढवा! यंत्र खाली कोण उतरवणार? तुझी आई?"

अठरा जणांतले पाच उरलो होतो; चौघं तोफेने, सिन्दुल्फो पट्ट्याखाली, बाकीचे रणगाड्याच्या मशिनगनने गेले. सिन्दुल्फोचं जेवढं गोळा करता आलं तेवढं आम्ही घोंगडीत गुंडाळलं. घोंगडी अर्धीसुद्धा भरली नाही. मग रणगाड्याच्या सावलीत बसलो, कारण दुसरी सावली नव्हती. सार्जंट म्हणाला, "एलिखियो, तू ओत. आणि या पहाडी माणसाला वर्तुळात घे. आपल्यासारखाच पाळीने पिऊ दे. मेला तर यंत्र इथेच सडेल."

मी डबा गुडघ्यांत धरला. सिन्दुल्फोचा पेला घेतला, त्याचाच, आणि त्यात येर्बाचा पाला भरला. माझ्या मनाविरुद्ध, पण पहिल्याच फेरीत तुमच्या भावाला भरून दिला. तुमच्यासारखाच दोन्ही हातांनी धरून प्यायला. शेवटी नळीतून सुर्रसुर्र हवा आली तरी ओढत होता. मग पेला परत दिला आणि...

"आणि?"

"आणि नाकारलं," मी म्हटलं. "पुढच्या फेऱ्यांत मी त्याला वगळलं. सार्जंट आमच्या ग्वारानी बोलीत म्हणाला, ‘बघा माज. मेहुण्याला चिरडलं आणि आता आपलं पाणी विटाळतं याला.’ आम्ही हसलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, मर तहानेने. पेला त्याच्या समोरून जायचा आणि तो मान वळवून त्याच्याकडे बघायचा. दुसऱ्या फेरीला, तिसऱ्या, पाचव्या. माश्या त्याच्या डोळ्यावर बसल्या तरी हलवेना. एकदा हात थोडा उचलला आणि परत मांडीवर ठेवला. बोलला मात्र काही नाही. तेव्हाच मला वाटायला लागलं की हा साधा माणूस नव्हे."

मी थांबून पेला भरला आणि ओढला. तिने शाल काढून बाजूला ठेवली होती. कपाळावरून घाम ओघळत होता.

"मग झेपावला," मी म्हटलं. "माझ्या गळ्यावर. काही सूचना नाही, काही नाही. कोयता मांडीशीच होता. पहिला घाव खांद्यात बसला, हाडात अडकला, पाय देऊन काढावा लागला. दुसरा मानेत. डबा कलंडला, सगळं पाणी वाळूत. सार्जंटने कपाळावर हात मारला, यंत्रासाठी नव्हे, पाण्यासाठी. आणि तुमचा भाऊ पालथा पडला होता तो मातीला चावत होता. मूठमूठ माती तोंडात घेत होता. रक्त मानेतून असं उसळत होतं, तरी चावत होता. साठ वर्षं मी हे सांगतोय, बाई. आमच्या मुलांना सांगतोय. त्याच्याइतका शूर मी आमच्यातही पाहिला नाही."

आत मेजरांचा फोनवरचा आवाज चढला होता.

"त्याने नाकारलं ते कसं?" तिने विचारलं. "हाताने? मान हलवून?"

"तोंडाने."

"स्पॅनिश त्याला जेमतेम येत होती, सेन्योर. आम्ही घरी आयमारा बोलायचो. काय म्हणाला तो?"

"सरळ म्हणाला की. ग्रासियास. ग्रासियास, भावा, असं म्हणाला."

"आणि?"

"आणि काय? ग्रासियास म्हटलं म्हणजे झालं. बास, मला आता नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर थर्मासकडे. नंतर पुन्हा माझ्याकडे.

"मीही आभार मानायला तोच शब्द म्हटला होता मघाशी," ती अगदी हळू म्हणाली. "मी कधीची विचार करतेय, या माणसाचं माझ्यावर काय वैर आहे. एकटाच पितोय आणि मला देत नाही. मागायची लाज वाटली. पाहुणी आहे ना."

माझ्या हातात भरलेला पेला होता.

हे बघा, मी मूर्ख नाही. या अंगणात परदेशी माणसं येतात. शंभर वेळा पाहिलंय: पहिला पेला घेतात, दात दाखवून ग्रासियास म्हणतात, आणि मग पेला त्यांना टाळून जायला लागला की बावळटासारखी बघत बसतात. आम्ही एकमेकांना कोपर मारून हसतो आणि मग समजावतो, अहो, आमच्याकडे तो शब्द शेवटी म्हणायचा असतो. शंभर वेळा हसलोय मी. त्याच अंगणात, ताग्वाच्या सावलीत. आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. का आलं नाही? सांगतो. आलं असतं तर गोष्ट संपली असती. टोपी काढायला, शिक्षिकांना रडवायला काही उरलं नसतं. आणि सिन्दुल्फोच्या पट्ट्याखालच्या ओरडण्याचा सूड मी एका शूर माणसावर घेतला, एका तहानलेल्यावर नाही, असं मला म्हणता आलं नसतं.

तो माझ्या गळ्यावर झेपावला नव्हता. डबा माझ्या गुडघ्यांत होता. तो डब्यावर झेपावला होता.

"बाई," मी म्हटलं. "तो मातीला चावत नव्हता."

"मग?"

"डबा सांडला होता ना. माती ओली होती. तो चोखत होता."

तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला. मला वाटलं पिणार. तिने तो सगळी ताकद लावून माझ्या तोंडावर मारला. शिंगाला खाली पितळेची कड असते. ओठ फाटला, समोरचा एक दात बाकावर पडला आणि तिथून खाली गेला. दुसऱ्यांदा मारलं ते भुवईवर. पाला, पाणी आणि रक्त डोळ्यांत गेलं. मी हात वर केला नाही. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा तिच्याच हातातून पेला निसटला. मग मुठींनी. बुटकी बाई, तिच्या मुठी माझ्या छातीवर आदळत होत्या. ती आयमारात काहीतरी ओरडत होती. मला त्यातलं फक्त एक नाव कळत होतं.

मेजर आतून धावत आले. "अहो, काय चाललंय काय! काराई एलिखियो, रक्त येतंय! बाई, सोडा त्यांना!"

"तुम्ही आत जा, मेजरसाहेब," मी म्हटलं.

"अहो पण..."

"आत जा म्हटलं ना!"

असा मी त्यांच्यावर कधी ओरडलो नव्हतो. ते दोन पावलं मागे सरले आणि व्हरांड्यात उभे राहिले.

ती बाकावर बसली. धाप लागली होती. टोपी पडली होती, ती उचलून तिने मांडीवर ठेवली. नंतर वाकून पेला उचलला, शालीच्या टोकाने पुसला, त्यात उरलेला पाला बोटाने खाली दाबला, नळी खोचली, आणि माझ्यापुढे धरला.

"भरा."

मी भरला. ती प्यायली. शेवटी हवा येईपर्यंत ओढला आणि रिकामा पेला परत माझ्यापुढे धरला. मी भरला. ती प्यायली. माझ्या हनुवटीवरून रक्त थर्मासच्या झाकणावर ठिबकत होतं, मी अंगठ्याने पुसत होतो आणि ओतत होतो. ती एकदाही काही बोलली नाही. पाल्याची चव गेली, पाणी नुसतं हिरवट यायला लागलं, तरी पेला पुढे येत राहिला. एवढं पाणी तिला नको होतं. मधेच तिला उलटीची उबळ आली, तिने तोंडावर मूठ धरून ती गिळली आणि पेला पुढे केला. तिच्यामागे ताग्वाचं पुढचं दार उघडं होतं, ट्रेलरवर चढवण्यासाठी सकाळीच उघडून ठेवलेलं. दार उघडं असलं की आतली ती अक्षरं बाकावरून दिसतात. मी चाळीस वर्षं मुद्दाम त्याच बाकावर बसत आलोय.

थर्मास संपला. मी तो उलटा करून दाखवला. चार थेंब पडले, तेही पेल्यात घेतले. ती ते प्यायली. मग पेला माझ्या हातात न देता तिने बाकावर ठेवला, टोपी घातली, शाल आणि गाठोडं घेतलं, आणि ताग्वाकडे वळूनही न बघता फाटकातून बाहेर गेली.

आमच्याकडे पिणारा तो शब्द म्हणेपर्यंत ओतणाऱ्याला उठता येत नाही. मी वाट बघत बसलो. ऊन भिंतीवर सरकलं. मेजर दोनदा हाक मारून गेले, "काराई एलिखियो, दवाखान्यात चला, टाके पडतील." मी म्हटलं, "थांबा. अजून झालेलं नाही."